इतर परिस्थिती कायम असताना

३ जुलै

प्रवेश पक्का झाला. ओळखपत्रावरच्या फोटोत मी हरवलेल्या माणसांच्या जाहिरातीत असतात तशी दिसते. फोटोखाली छापलंय: बी. ए., अर्थशास्त्र, प्रथम वर्ष. लग्नानंतर बारावी बाहेरून दिली, त्यापुढचं सगळं वाचन वाचनालयातलं आणि रद्दीतलं. परीक्षेसाठी वाचायचं म्हणजे कसं, ते विसरून गेले आहे.

प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई बोलक्या आहेत. कागद घेतले आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या.

"विद्यार्थिनी कुठाय?"

"मीच."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ कागदांकडेच बघत राहिल्या. नंतर त्यांनी नियम समजावून सांगितला. विद्यापीठ खाजगी आहे, एरवी आमच्यासारख्यांनी फाटकातूनच मागे फिरावं. पण कर्मचाऱ्याच्या बायको-मुलांना फी माफ असते, कर्मचारी गेला तरीही. मात्र सलग दहा वर्षं नोकरी भरलेली हवी. "तुमच्या ह्यांची अगदी जेमतेम भरली होती हो. नशीब म्हणायचं."

हे गेल्यापासून माझ्यासमोर नशीब हा शब्द कोणी काढत नाही. ह्या बाईंनी काढला. बरं वाटलं.

संध्याकाळी वन्सं आल्या. ओळखपत्र उलटसुलट करून बघितलं. "अगं, या वयात दप्तर? पोरं तुला मॅडम म्हणतील की आजी?" मी म्हटलं, काकूवर भागेल. त्या हसल्या, मग त्यांची नजर भावाच्या खुर्चीकडे गेली. त्या खुर्चीवर आम्ही दोघीही बसत नाही.

१० जुलै

पहिला तास. मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसले. त्याच्या मागे ह्यांची जागा होती. तिपाईवर कॅमेरा, कानाला हेडफोन, आणि पाठ भिंतीला न टेकता उभं राहायचं. वर्गात शिकवलेलं चित्रित करून संगणकावर चढवायचं, ही ह्यांची नोकरी. आता छताला एक काळा डोळा बसवलाय, तो आपला आपण चालतो. फरशीवर तिपाईच्या रबराचे तीन डाग मात्र अजून आहेत. पुसणाऱ्यांनी प्रयत्न केलेला दिसतो.

सरांना मुलं खडूसर म्हणतात. सगळीकडे पांढरे फळे आले, पण त्यांनी एक काळा फळा अडवून ठेवलाय आणि खिशात खडू असतो. हे म्हणायचे, "दहा वर्षं अर्थशास्त्र ऐकून मला एवढंच कळलं की खडूसर डाव्या हाताने पुसतात." खरंच डाव्या हाताने पुसतात.

तास सुरू करण्याआधी ते मागच्या भिंतीकडे बघत काही क्षण नुसते उभे राहिले. मुलं एकमेकांना कोपरं मारून हसली. वय झालं असेल, विचार गोळा करत असतील. मग म्हणाले, "इतर परिस्थिती कायम आहे असं धरा." आणि एक रेष काढली.

शेजारी एक मुलगी बसली होती. तिच्या केसांना आठवडाभर कंगवा लागला नसावा. मी मनात तिचं नाव झिपरी ठेवलं. ती मला म्हणाली, "काकू, काही सुटलं तर टेन्शन घेऊ नका. जुन्या वर्षांचे सगळे तास वाचनालयातल्या संगणकावर आहेत. हेच सर, हेच विनोद."

जुन्या वर्षांचे. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही.

१२ जुलै

वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर संगणकांची खोली आहे. पडदे ओढलेले असतात, सकाळीही दिवे लावावे लागतात. झिपरीने हेडफोन माझ्या कानाला लावून दिला, तारखांची यादी उघडून दिली आणि गेली.

मी दोन वर्षांपूर्वीचा पहिला तास लावला. आधी सगळं काळं. मग टोपण निघालं, आणि एक अंगठा काचेवरून फिरला. नख चिरलेलं. खिळा लागला होता तेव्हापासून ते तसंच उगवायचं.

आणि कानात, अगदी आत, "चालू, सर."

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

पुढे काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही. तास संपेपर्यंत मी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसले होते.

१९ जुलै

आता युक्ती कळली. सर बोलतात तेव्हा फक्त सरांच्या कॉलरचा माइक चालू असतो, दुसरं काही ऐकू येत नाही. पण एखाद्या मुलाने प्रश्न विचारला की हे वर्गातला माइक उघडत. तो तिपाईलाच लावलेला. मग पंखा येतो, बाकांची करकर येते, आणि सगळ्यात जवळ ह्यांचा श्वास येतो. शर्टाची बाही कॅमेऱ्याला घासते ती सुद्धा.

दुसऱ्या रांगेत एक जाड चष्म्याचा मुलगा होता. त्याला काहीच कळायचं नाही, तो सारखा विचारायचा. इतर मुलं वैतागायची. देव त्याचं भलं करो.

२ ऑगस्ट

मी रोज खाली जाते. वरच्या तासांना जायचं राहून जातं. झिपरीने आज गाठलंच. "काकू, तुम्ही खाली एवढं काय बघता? हिरो तर खडूसर आहेत!"

"शिकतेय," मी म्हटलं. आणि ते खोटं नाही. वहीची पानं भरतायत. घरी येऊन चहा घेताना मी मोठ्यांदा उजळणी करते. खुर्ची ऐकते. हे असेच ऐकायचे, मान हलवत, काही न कळता.

आज हे तीनदा खोकले. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. पण झाला. श्वासापेक्षा खोकला स्पष्ट ऐकू येतो.

२१ ऑगस्ट

खोकला वाढलाय. म्हणजे त्या वर्षीच्या ऑगस्टात. खडूची धूळ असणार. वर्गात ती फार उडते.

घरी खोकला नव्हता. घरी तो पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी आला, आणि मेमध्ये हे गेले. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण खोकला आला तसे हे नोकरी सोडून घरीच बसले होते. त्याआधी उलट तब्येत चांगली असावी. आंघोळीला इतका वेळ लावायचे की मी दारावर थाप मारायची, "अहो, नळ तरी बंद करा, टाकी रिकामी होईल." आतून आवाज यायचा, "आलो, आलो."

तर ती खडूची धूळच.

९ सप्टेंबर

उद्या पहिली चाचणी. मागणीचा धडा आहे. किंमत उतरली की मागणीची रेष उजवीकडे सरकते. पुस्तकात काहीतरी वेगळं दिलंय, त्यात किंमत बदलली तर रेष जागची हलत नाही. पण सरांनी फळ्यावर काढलेलं मी डोळ्यांनी बघितलं. आणि त्याच वेळी ह्यांनी कॅमेरा हळूहळू जवळ नेला, पूर्ण पडदाभर ती रेष आणि तो बाण दाखवला. खोटं असतं तर एवढं जवळून कशाला दाखवलं असतं?

त्यापुढचा तास यादीत नाही. त्याच्या पुढचा आहे. मी बरंच शोधलं.

१० सप्टेंबर

पेपर छान गेला. आकृती पट्टीने काढली.

१८ सप्टेंबर

सरांनी तासानंतर थांबायला सांगितलं. माझा पेपर त्यांच्या हातात होता. वर्ग रिकामा झाला तरी ते बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले.

"तुम्ही माझ्या तासांना असता का?"

"असते. कधीकधी."

"मग ही आकृती कुठून आणलीत?"

"तुमचीच आहे, सर."

"माझीच आहे," ते म्हणाले. "तेच तर. बोलायच्या भरात एकदा चुकीची काढली होती. वस्तूची स्वतःची किंमत बदलली तर रेष सरकत नाही. माणूस त्याच रेषेवरून खाली-वर होतो. रेष कधी सरकते? मिळकत बदलली, आवड बदलली, घरातलं माणूस कमी झालं, म्हणजे जे आपण कायम धरलंय ते हललं, तर." इथे ते गडबडले. "उदाहरण दिलं. म्हणजे पुढच्या तासाला मी ही चूक सुधारली होती. दुसऱ्या कोणी ही आकृती काढली नाही, फक्त तुम्ही."

"पुढचा तास यादीत नाही, सर."

"नसणारच. त्या दिवशी कॅमेरा नव्हता. ते रजेवर होते."

"हे रजा घ्यायचे नाहीत."

"एकच घेतली. छातीची तपासणी होती ना. मीच ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खडू मोडला. "तुम्हाला सांगितलं नव्हतं त्यांनी?"

मी म्हटलं, सांगितलं होतं. पेपर घेतला आणि निघाले. दारापर्यंत पोचल्यावर सर मागून म्हणाले, "डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, फार काही करता येण्यासारखं नाही. लवकर कळलं असतं म्हणून काही... तेवढं मनात आणू नका."

तो सप्टेंबर. मला कळलं जानेवारीच्या शेवटी. मधल्या महिन्यांत मी ह्यांच्याशी काय काय बोलले असेन? पडद्याच्या कापडाबद्दल भांडले होते.

१९ सप्टेंबर

तो नळ.

२३ सप्टेंबर

वन्संना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का? त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग चिडल्या. "मला? तो शिंकला तरी सांगायचा नाही. लहानपणी हात मोडला तर खिशात घालून घरी आला होता. आणि तू माझ्यावर संशय घेतेस?"

मी म्हटलं, संशय नाही, हिशेब लागत नाही. खडूसरांना सांगता येतं आणि मला नाही. इतकी वर्षं एका छताखाली राहिलो. मी रडेन, ओरडेन, दवाखाने पालथे घालेन, असं वाटलं असेल. घातलेच असते. त्यात वाईट काय होतं?

"तू त्याला एक दिवस कामावर जाऊ दिलं नसतंस," वन्सं म्हणाल्या.

"नसतंच जाऊ दिलं."

"मग झालं की."

काय झालं? मला काही कळलं नाही. वन्संचं बोलणं असंच अर्धवट असतं.

२९ सप्टेंबर

आज शेवटचं म्हणून खाली गेले. जानेवारीतला तास लावला. यादीत ह्यांचा म्हणून तोच शेवटचा.

"चालू, सर." आवाज ओळखू येत नव्हता. ते आत्ता ऐकू आलं. तेव्हा घरी हाच आवाज मी रोज ऐकत होते आणि ओळखत होते.

तास संपला. टोपण लागलं, पडदा काळा झाला. पण कॅमेरा बंद करायचा राहिला असावा. मुलांच्या पावलांचे आवाज झाले आणि विरले. मग अंधारातून सर म्हणाले, "घरी सांगितलंत का?"

"सांगणार, सर. एक काम पूर्ण व्हायचं आहे. या आठवड्यात होतंय. मग सांगतो."

"मरणापेक्षा मोठं कसलं काम हो?"

त्यावर हे हसले. हसता हसता खोकले. खूप वेळ. कोणीतरी बाक सरकवलं, पाणी दिलं असेल. मग खट्.

मी पुन्हा लावलं नाही. कसलं काम? केबल गुंडाळायच्या होत्या? मला सांगण्यापेक्षा त्या मोठ्या होत्या? वरच्या मजल्यावर मुलं खिदळत होती. मला ती इमारत, तो फळा, त्या सगळ्या रेषा नकोशा झाल्या. ज्या भिंतींना सगळं ठाऊक होतं, त्यांच्यात मी शहाण्यासारखी वही उघडून बसत होते.

उद्या प्रवेश रद्द करते.

३० सप्टेंबर

खिडकीवरच्या बाईंनी मला ओळखलं. रद्द म्हटल्यावर पेन खाली ठेवलं.

"का हो? गणित जड जातंय का? जातं सगळ्यांना. थोडं थांबा."

"गणित नाही. मन लागत नाही."

"असं नका करू. तुमच्यासाठी त्या माणसाने माझं किती डोकं खाल्लं असेल!" त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "तेव्हाच सांगणार होते, पण तुम्हाला बघून माझी बोबडीच वळली. दर महिन्याला यायचे. 'बाई, दहा भरली का हो?' मी म्हणायची, अजून नाही, जा. एवढे खोकायचे, मी म्हटलं लांब रजा टाका, विश्रांती घ्या. तर म्हणाले, 'रजा टाकली तर सलग धरणार का?' नाही धरत. नियमच आहे. म्हणाले, 'मग राहू द्या. आमच्या घरी एक विद्यार्थिनी आहे.'"



"मला वाटलं मुलगी असेल," बाई म्हणाल्या. "म्हणून त्या दिवशी मी तुमच्या मागे बघत होते. जानेवारीत भरली, तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं. भर वर्गाच्या दारात माझ्या हातात हात दिला त्यांनी. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत."

रांगेत माझ्यामागे एक मुलगा होता, तो म्हणाला, "काकू, तुमचं झालं का?"

"झालं," मी म्हटलं. आणि खिडकीपासून बाजूला झाले. रद्द करायचं राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर बसले. ह्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, शिकायचंय का म्हणून. मीही कधी म्हटलं नव्हतं. फक्त हे वाचनालयातली जुनी पुस्तकं आणायचे आणि मी चहा ठेवून वाचत बसायची. चहा उतू जायचा. गॅस हे पुसायचे.

१ ऑक्टोबर

दिवसभर रडले. आज ह्यांच्या खुर्चीत बसून.

६ ऑक्टोबर

सरांनी चाचणीचा तो प्रश्न परत लिहायला दिला. म्हणाले, चूक अर्धी माझी आहे, तर अर्धी संधी तुमची. समोर बसून लिहिलं. दोन आकृत्या काढल्या. एकीत रेष स्थिर, माणूस तिच्यावरून खाली येतो. दुसरीत रेषच सरकलेली. शेवटी जागा उरली होती, तिथे मी लिहिलं: इतर परिस्थिती आपोआप कायम राहत नाही. कोणीतरी ती धरून ठेवलेली असते.

सरांनी तिथेच तपासलं. दोन्ही आकृत्यांना बरोबरची खूण केली. शेवटच्या वाक्यापाशी पेन थांबलं. मग गुण न देता आणि न खोडता त्यांनी पान उलटलं.

"हे पुस्तकात नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे, सर."

"जाड चष्म्याचा एक मुलगा मला सारखा हेच विचारायचा. कायम म्हणजे कोण ठेवतं? मी त्याला दर वेळी गप्प बसवलं."

मी म्हटलं, मला माहीत आहे तो. सरांना नवल वाटलं. मी काही खुलासा केला नाही.

७ ऑक्टोबर

सकाळचा तास. वर जाताना वाचनालयाच्या जिन्यापाशी पाय सवयीने खाली वळले. झिपरीने दंडाला धरून ओढलं. "काकू, आज वर! नाहीतर मी तुमची हजेरी लावणार नाही." तिने केस विंचरले होते. मी तसं म्हटलं तर लाजली आणि पुन्हा विस्कटून टाकले.

मी शेवटच्या बाकावर बसले. पायाशी ते तीन डाग. छतावरच्या डोळ्याचा लाल दिवा लागला होता. म्हणजे तो सुरू झालेला होता, कोणाला न विचारता.

सर आले. खिशातून खडू काढला. फळा डाव्या हाताने पुसला, वळले, आणि पहिल्या दिवसासारखेच मागच्या भिंतीकडे बघत उभे राहिले. मुलं कोपरं मारून हसायला लागली. झिपरी माझ्या कानात कुजबुजली, "हे रोज असंच करतात. बॅटरी संपते त्यांची."

विचार गोळा करत नव्हते ते. वाट बघत होते. इतकी वर्षं कोणीतरी सांगितल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलेलं नव्हतं.

 मी घसा खाकरला.

"चालू, सर," मी म्हटलं.

सगळा वर्ग मागे वळला. सरांनी मान हलवली, आणि खडू फळ्याला टेकवला.